लहान गट, उघडे दार

रविवारच्या मिस्सेला चर्च भरून जाते, उशिरा येणाऱ्यांना व्हरांड्यात उभे राहावे लागते, बाहेर स्कूटर लावायला जागा मिळत नाही. हे पाहून तो धर्मग्राम उत्तम चालला आहे असे कोणालाही वाटेल. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या हद्दीत राहणाऱ्या सगळ्या कॅथलिकांचा समुदाय. बिशपांनी नेमलेला प्रमुख धर्मगुरू त्याचा सांभाळ करतो. पण गर्दीवरून बांधलेला अंदाज अर्धाच असतो. आलेली माणसे डोळ्यांना दिसतात, न आलेल्यांची कुणी दखल घेत नाही. लग्नानंतर दुरावलेली मुलगी, नोकरीसाठी परगावाहून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारा तरुण, घटस्फोटानंतर लोकांच्या नजरा टाळणारी बाई, कोणाशी तरी भांडण झाले म्हणून वीस वर्षे चर्चची पायरी न चढलेले आजोबा, ही सगळी त्याच धर्मग्रामाची माणसे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम ५२८ प्रमुख धर्मगुरूवर स्पष्ट जबाबदारी टाकते: ज्यांनी धर्माचरण सोडले आहे आणि जे ख्रिस्ती श्रद्धेच्या बाहेर आहेत, त्यांच्यापर्यंतही शुभवर्तमान पोहोचावे यासाठी त्याने श्रद्धावंतांच्या मदतीने झटले पाहिजे.

या कलमातले ‘श्रद्धावंतांच्या मदतीने’ हे शब्द शोभेसाठी घातलेले नाहीत. त्यांच्यामागे साधे गणित आहे. समजा, एका धर्मग्रामात १००० कुटुंबे आहेत. फादरांनी आठवड्यातले ६ दिवस रोज संध्याकाळी २ घरी जायचे ठरवले आणि एकही दिवस चुकवला नाही, तरी सगळी घरे पुरी व्हायला ८४ आठवडे, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ लागेल. त्यात आजाऱ्यांच्या भेटी, लग्ने, मयती, शाळेच्या बैठका आणि चर्चच्या छपराची गळती धरलेलीच नाही. दीड वर्षातून एकदा अर्धा तास चहा घेऊन गेलेला पाहुणा कोणाच्या घरातले दुखणे ओळखणार? मदतीला आणखी दोन धर्मगुरू दिले तरी वर्षाकाठी प्रत्येक घराला जेमतेम दोन भेटी मिळतील. त्याच हजार कुटुंबांचे पंचवीस-पंचवीसचे गट केले तर ४० गट होतात, आणि पंचवीस घरांत कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोण नव्याने राहायला आले, हे शेजारच्या बाईला न विचारता कळते. धर्मग्रामात लहान गट सुरू करण्याची कल्पना इथून उगवते. ती वाटते तितकी भाबडी नाही आणि तितकी सोपीही नाही. असे गट जगभर हजारोंनी निघाले. काहींनी धर्मग्रामाचा चेहरामोहरा बदलला, पुष्कळसे चार भाविकांच्या प्रार्थनामंडळात थिजून गेले. या दोहोंत फरक पडतो तो गट कोणाकडे तोंड करून बसला आहे यामुळे. लहान गट सुवार्ताप्रसाराचे काम करील की नाही, हे त्याच्या आतल्या जिव्हाळ्यावर कमी आणि बाहेरच्या माणसासाठी तो जागा करतो की नाही यावर अधिक अवलंबून असते.

कोणी म्हणेल की हे नवे फॅड आहे. इतिहास तसे म्हणू देत नाही. पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती लोकांकडे मोठी चर्चे जवळजवळ नव्हतीच; नव्या करारात प्रिस्का आणि अक्विला या दांपत्याच्या घरी भरणाऱ्या मंडळीचा उल्लेख येतो. सिरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस नावाच्या नगरात उत्खननात असे एक घर सापडले आहे. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे राहत्या घराच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेची खोली केली गेली आणि एका बाजूच्या खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड बांधले गेले. आतली जागा पाहिली तर पाऊणशे माणसे दाटीवाटीने बसतील एवढीच. चौथ्या शतकात राजाश्रय मिळाल्यावर मंडळी मोठ्या इमारतींत गेली, पुढे धर्मग्रामांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरूने आपल्या धर्मग्रामातच राहिले पाहिजे हा नियम कडक केला. ही व्यवस्था तिच्या काळाला योग्य होती. गावातले सगळेच ख्रिस्ती आणि सगळेच चर्चला येणारे, तिथे आलेल्यांना सेवा देणारी व्यवस्था पुरेशी असते. पण जिथे धर्मगुरूच नव्हता तिथे काय झाले तेही पाहिले पाहिजे. कोरियात कॅथलिक चर्चची सुरुवात कोणा मिशनऱ्याने केली नाही. चीनमधून आलेली पुस्तके एकत्र बसून वाचणाऱ्या विद्वानांच्या मंडळाने ती केली, आणि त्यांच्यातला यी सुंग-हुन १७८४ साली पेकिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन परतला. जपानात छळाच्या काळात लपून राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी दोनशेहून अधिक वर्षे एकाही धर्मगुरूवाचून प्रार्थना आणि बाप्तिस्मा चालू ठेवला. १८६५ मध्ये नागासाकीत फ्रेंच धर्मगुरूंसमोर ती उघड झाली, तेव्हा युरोप थक्क झाला. प्रापंचिक माणसे श्रद्धा सांभाळू शकतात आणि दुसऱ्याच्या हाती देऊ शकतात, याला आणखी कोणता पुरावा हवा?

विसाव्या शतकात ही आठवण जागी झाली ती गरजेतून. लॅटिन अमेरिकेत आणि आफ्रिकेत धर्मगुरू थोडे आणि अंतरे अफाट होती. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांचे प्रेषितकार्य त्यांच्या बाप्तिस्म्यातूनच येते असे सांगितले. ते धर्मगुरूने दिलेले उसने काम राहिले नाही. ब्राझीलमध्ये लष्करी राजवटीच्या काळात ‘तळागाळाचे समूह’ वाढले. पूर्व आफ्रिकेतल्या बिशपांनी १९७० च्या दशकात एकत्र बसून लहान ख्रिस्ती समूह हे आपल्या कामाचे मुख्य सूत्र ठरवले. केनिया-टांझानियात स्वाहिली बोलणाऱ्या खेड्यापाड्यांत आजही ‘जुमुइया’ म्हटले की शेजारच्या दहा-पंधरा घरांची बैठक डोळ्यांपुढे येते. पोप सहावे पॉल यांनी १९७५ च्या सुवार्ताप्रसारावरील पत्रात अशा समूहांना आशेची जागा म्हटले, पण चर्चपासून तुटू नका असेही बजावले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या मिशनकार्यावरील पत्रात त्यांना चैतन्याची खूण मानले. त्याच वर्षी इंडोनेशियातल्या बांडुंग इथे आशियाई बिशपांच्या महासंघाची सभा भरली आणि ‘समूहांचा समूह’ असलेल्या सहभागी चर्चचे चित्र त्यांनी पुढे ठेवले. मुंबईच्या महाधर्मप्रांतात त्याआधीच, १९८० च्या दशकात, या कामाला सुरुवात झाली होती. साहाय्यक बिशप बॉस्को पेन्हा यांनी ते अनेक वर्षे चिकाटीने पुढे नेले.

अशा बैठकीत नेमके होते काय? सर्वांत जास्त पसरलेली रीत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेत तयार झाली. फ्रिट्झ लोबिंगर आणि ओस्वाल्ड हिर्मर या दोन जर्मन धर्मगुरूंनी ती घडवली. दोघेही पुढे बिशप झाले. तिला सात पायऱ्या आहेत. आधी कोणीतरी साध्या शब्दांत प्रभूला बोलावतो. मग शुभवर्तमानातला उतारा वाचला जातो. तिसऱ्या पायरीवर ज्याला जो शब्द किंवा जी ओळ भिडली ती त्याने मोठ्याने म्हणायची, आणि तीही सावकाश, तीनदा; स्पष्टीकरण द्यायचे नाही. एक म्हातारी ‘भिऊ नका’ एवढेच तीनदा म्हणते आणि गप्प बसते. त्यानंतर काही मिनिटे शांतता, मग प्रत्येकाने आपल्याला काय जाणवले ते सांगायचे; दुसऱ्याच्या बोलण्यावर वाद घालायचा नाही, उपदेश करायचा नाही. सहावी पायरी कामाची: आपल्या गल्लीत या आठवड्यात काय करायचे आहे, कोण करणार, कधी करणार. शेवटी प्रार्थना. या रीतीची चतुराई तिसऱ्या पायरीत आहे. ज्याला बायबलचे ज्ञान नाही, ज्याला चारचौघांत बोलता येत नाही, त्यालाही एक ओळ म्हणता येते. आणि ज्याला फार येते त्याला भाषण ठोकायची संधी मिळत नाही. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ गट पाचव्या पायरीवर रमतात, सहावीला आले की घड्याळ पाहतात आणि प्रार्थना करून उठतात. काम गळले की बैठक गोड होते, पण गट आंधळा होतो.

दुसरी रीत शहरातून आली आणि तिचा प्रवास मोठा चमत्कारिक आहे. सेऊलमध्ये योंगी चो या प्रॉटेस्टंट पाद्र्याने १९५८ साली एक लहान मंडळी सुरू केली. सगळी कामे एकट्याने ओढता ओढता १९६४ मध्ये तो थकून कोसळला आणि मग त्याने घरोघरच्या गटांची जबाबदारी इतरांवर, मुख्यतः स्त्रियांवर सोपवली. पुढे ती मंडळी जगातल्या सर्वांत मोठ्या मंडळ्यांत गणली गेली. ही पद्धत अभ्यासून मायकेल आयव्हर्स या आयरिश धर्मगुरूने अमेरिकेत फ्लोरिडातल्या आपल्या कॅथलिक धर्मग्रामात ती उतरवली. तिथे ती पाहून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पियेरजॉर्जो पेरिनी यांनी ती मिलानमध्ये सांत’एउस्तॉर्जो या आपल्या धर्मग्रामात नेली. हे चर्च इतके जुने की पूर्वेकडून आलेल्या तीन राजांचे अवशेष तिथे होते असे मानतात आणि ११६४ साली सम्राट बार्बारोसाच्या काळात ते जर्मनीत कोलोनला नेले गेले. अशा इतिहासाने जड झालेल्या, पण आसपासच्या तरुणांना फारसे माहीत नसलेल्या महानगरी चर्चमध्ये हा प्रयोग रुजला, आणि तिथून तो अनेक देशांतल्या धर्मग्रामांत गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये या ‘धर्मग्राम-पेशीं’च्या सदस्यांची भेट घेतली.

मिलानच्या पद्धतीत आठवड्यातून एकदा आठ-दहा माणसे कोणाच्या तरी दिवाणखान्यात दीड-दोन तास बसतात. सुरुवात गीत आणि स्तुतीने. मग गेल्या आठवड्यात देवाने माझ्यासाठी काय केले आणि मी त्याच्यासाठी काय केले, हे प्रत्येकाने थोडक्यात सांगायचे. त्यानंतर प्रमुख धर्मगुरूचे सुमारे पंधरा मिनिटांचे ध्वनिमुद्रित शिक्षण सगळे मिळून ऐकतात, त्यावर बोलतात. मग सूचना, इतरांसाठी प्रार्थना आणि शेवटी गटातल्या आजारी किंवा खचलेल्या माणसासाठी प्रार्थना. गट चालवतो प्रापंचिक माणूस, पण शिकवण धर्मगुरूची; एकाच आठवड्यात सगळ्या गटांना एकच. त्यामुळे फादरांना ४० घरी जावे लागत नाही आणि ४० घरांत ४० मते शिकवली जात नाहीत. याशिवाय प्रत्येक सदस्याने आपल्या रोजच्या संपर्कातल्या माणसांची नावे डोळ्यांपुढे ठेवायची असतात: घरचे, शेजारी, कामावरचे सोबती, मित्र. क्रमही ठरलेला आहे. आधी त्या माणसासाठी प्रार्थना, मग त्याच्या उपयोगी पडणे, मग त्याने विचारले तर आपल्या श्रद्धेबद्दल सांगणे, आणि बोलावणे सगळ्यांत शेवटी. अनोळखी माणसाच्या हातात पत्रक कोंबण्याला इथे जागा नाही. गट बारा-पंधराच्या आसपास गेला की त्याचे दोन गट करतात. म्हणून सुरुवातीपासूनच मुख्य चालकासोबत एक सहचालक तयार केला जातो.

ही विभागणी लोकांना सर्वांत जड जाते, आणि सगळी पद्धत तिच्यावरच उभी आहे. वसईच्या बागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही: केळीच्या बुडातून फुटलेले मुनवे वेळीच काढून दुसऱ्या जागी लावले नाहीत, तर मूळ झाडही लहान घड देते आणि बाग वाढत नाही. वर्षभर एकमेकांची सुखदुःखे ऐकलेल्या माणसांना वेगळे व्हायला सांगणे निष्ठुर वाटते. पण न विभागलेला गट दोन-तीन वर्षांत काय होतो ते पाहावे. त्याची एक भाषा बनते, त्याचे विनोद बनतात, बसायच्या जागा ठरतात, कोणाच्या घरी कोणता खाऊ मिळतो तेही ठरते. नवा माणूस आला की सगळे त्याचे हसून स्वागत करतात, आणि तो दुसऱ्यांदा येत नाही, कारण हे कुटुंब आधीच पूर्ण भरलेले आहे हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळते. विभागणी ठरलेली असली की प्रत्येक सदस्याला ठाऊक असते की इथली एक खुर्ची रिकामी ठेवायची आहे आणि आपल्यातल्याच एकाला उद्या गट चालवायचा आहे.

मुंबई, वसई आणि गोव्यात प्रश्न नेमका उलट्या टोकाचा आहे. इथे लहान ख्रिस्ती समूहांचा नकाशा बहुतेक धर्मग्रामांत तयार आहे. गल्ल्या, इमारती, आळ्या वाटलेल्या आहेत, समूह चालवणारे ‘अ‍ॅनिमेटर’ नेमलेले आहेत. गोव्यात ‘ल्हान क्रिस्तांव समुदाय’ हा शब्द चर्चच्या रोजच्या बोलण्यातला झाला आहे. मुळात इथल्या ख्रिस्ती गावांना हे नवे नव्हतेच. वाड्यावरच्या क्रुसापुढे लोकांनी जमून लादाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, म्हणायची, मग चणे वाटायचे, हा शेजारधर्म जुना आहे. मुंबईचा समूह पत्त्यावर बनतो, मिलानची पेशी ओळखीवर. पत्त्याचा मोठा गुण असा की त्यात कोणी सुटत नाही. चौथ्या मजल्यावरचे भांडखोर कुटुंबही समूहातच मोजले जाते. पण जिथे सगळे आपोआप सदस्य असतात, तिथे खरे सदस्यत्व कोणालाच वाटत नाही. मग समूह ऑक्टोबरातल्या रोझरीपुरता, वार्षिक मिस्सेपुरता आणि चर्चच्या सणाची वर्गणी गोळा करण्यापुरता उरतो. ओळखीवरच्या गटाचा गुण म्हणजे ओढ, आणि दोष म्हणजे आपल्यासारख्यांचाच जमाव. म्हणून आपल्याकडे नवी संघटना काढण्यापेक्षा असलेल्या नकाशात ही ओढ घालणे शहाणपणाचे. हद्द समूहाची, आणि त्या हद्दीत आठ-दहा जणांची एक बैठक, जिच्यापुढे एकच प्रश्न: आपल्या हद्दीत कोण दुरावले आहे?

वसई धर्मप्रांतात या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोर आहे. १९९८ साली मुंबईपासून वेगळा झालेला हा धर्मप्रांत सामवेदी, वाडवळ आणि इतर मूळच्या ख्रिस्ती समाजांचा आहे; त्यांची बोली आणि त्यांचे नातेसंबंध शतकांचे आहेत. पण नालासोपारा-विरारच्या नव्या इमारतींत केरळ, तामिळनाडू, मंगळूर, गोवा इथून आलेली कॅथलिक कुटुंबे राहतात, आणि घरकामाला आलेल्या झारखंडच्या आदिवासी मुलीही असतात. अशा मुलीची नोंद कुठल्याच समूहाच्या यादीत नसते, कारण ती कोणत्याच ‘कुटुंबा’त बसत नाही. तिला रविवारी सकाळची सुट्टी मिळते का, हे विचारायला धर्मगुरू जाऊ शकत नाही. त्याच जिन्यावर राहणारी अ‍ॅनिमेटर जाऊ शकते. सुवार्ताप्रसार हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे दूरचे देश येतात. इथे तो तिसऱ्या मजल्यापासून सुरू होतो.

मग सुरुवात कशी करावी? सर्वांत मोठी चूक म्हणजे एका रविवारी घोषणा करून सगळ्या हद्दींत एकदम गट काढणे. घोषणेने निघालेले गट पाट्यांपुरते राहतात. तीन-चार गटांनी सुरुवात करावी, आणि त्यांच्या होऊ घातलेल्या चालकांना आधी काही महिने स्वतः फादरांसोबत अशीच बैठक करू द्यावी, म्हणजे शिकवायच्या आधी अनुभव येतो. चालक निवडताना धर्मग्रामातल्या सगळ्या समित्यांवर आधीच असलेली चार नावे टाळावीत. ज्याच्याकडे लोक मन मोकळे करतात अशी माणसे शोधावीत, मग ती रिक्षा चालवत असोत वा बँकेत असोत. चालकाची मुदत ठरलेली असावी. चालकांची महिन्यातून एकदा धर्मगुरूसोबत बैठक व्हावी, आणि तिथे हजेरीचे आकडे मागण्यापेक्षा अडचणी विचाराव्यात. गटात पैसा गोळा करू नये. पैसा आला की हिशेब आला आणि हिशेबासोबत भांडण आले. लहान मुलांसोबतचे काम चर्चच्या ठरलेल्या सुरक्षानियमांत व्हावे. मिस्सा आणि संस्कार चर्चमध्येच राहावेत, गटाने त्यांची जागा घेऊ नये. आणि पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवावे की हा गट फुटणार आहे. फुटला की ते यश मानायचे आहे.

आक्षेप पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही खरे आहेत. पहिला असा की न शिकलेल्या माणसांच्या हाती बायबल दिले की चुकीच्या शिकवणुकीला आवतण मिळते. हा धोका आहेच. म्हणून तर लुम्कोच्या रीतीत उपदेश करायला मनाई आहे आणि मिलानच्या रीतीत शिकवण धर्मगुरूची आहे. शिवाय लोक बायबलबद्दल गटात बोलले नाहीत तर मोबाइलवर कोणाचे तरी प्रवचन ऐकतातच, तेही कोणी न तपासलेले. दुसरा आक्षेप: हे प्रॉटेस्टंटांकडून घेतलेले आहे. घेतलेले आहे खरे, पण त्यातला मूळ विचार, की घर हे मंडळीचे पहिले ठिकाण, दोघांच्याही फाटाफुटीच्या आधीचा आहे. उसनवारीचा धडा मात्र घ्यावा. ज्या योंगी चोपासून ही पद्धत निघाली, त्यालाच २०१४ मध्ये मंडळीच्या पैशांच्या गैरव्यवहाराबद्दल कोर्टाने दोषी ठरवले. गटांची वाढ ही सच्चेपणाची हमी नव्हे. एका माणसाभोवती सगळे फिरू लागले की लहान गटांची मोठी यंत्रणाही सडू शकते. कॅथलिक रचनेत बिशप, बदलणारा धर्मगुरू आणि धर्मग्रामाची परिषद हे अंकुश आहेत. ते ढिले करू नयेत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तो पुराव्यानिशी येतो. ब्राझीलमध्ये तळागाळाचे समूह जगात सर्वांत जोमाने वाढले, तरी तिथल्या जनगणनेत कॅथलिकांचे प्रमाण १९७० मध्ये ९० टक्क्यांहून अधिक होते ते २०१० मध्ये सुमारे ६५ आणि २०२२ मध्ये सुमारे ५७ टक्क्यांवर आले. वाढल्या त्या मुख्यतः पेंटेकोस्टल मंडळ्या. मग लहान गटांनी साधले काय? साधले ते हे की जमीन, पाणी, कामगारांचे हक्क या प्रश्नांवर गरिबांना आवाज मिळाला, आणि ते कमी नाही. पण ज्याच्या घरी दारूचे व्यसन होते, मूल आजारी होते, त्याला संध्याकाळी कोणाच्या तरी हाताचा स्पर्श आणि नाव घेऊन केलेली प्रार्थना हवी होती. ती त्याला गल्लीतल्या पेंटेकोस्टल मंडळीत मिळाली, जिथे पाद्रीही त्याच गल्लीतला होता. या घसरणीमागे शहरीकरणासारखी इतरही कारणे आहेत, सगळे खापर समूहांवर फोडणे अन्याय होईल. तरी एक निष्कर्ष टाळता येत नाही: केवळ गट लहान केला म्हणून माणूस टिकत नाही. त्याच्या खासगी दुःखाला आणि त्याच्या सामाजिक दुःखाला एकाच बैठकीत जागा मिळाली पाहिजे. लुम्कोची कामाची पायरी आणि मिलानची आजाऱ्यासाठीची प्रार्थना एकमेकींना पूरक आहेत त्या इथे.

चौथा आक्षेप आपल्या देशात मोठ्याने विचारला जातो: सुवार्ताप्रसाराचे गट म्हणजे धर्मांतराची यंत्रणा नाही का? प्रश्न टाळू नये. संविधानाचे कलम २५ धर्माच्या प्रसाराचा हक्क देते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले आहे की त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात, विशेषतः गरीब आणि अशिक्षितांच्या बाबतीत, दडपण किंवा आमिष यांचा वास येईल असे वागणे निषिद्ध ठरवले आहे. म्हणजे कायद्याची आणि चर्चची दिशा या मुद्द्यावर विरुद्ध नाही. लहान गटाचा पहिला विषय स्वतःच्या धर्मग्रामातले बाप्तिस्मा झालेले आणि दुरावलेले लोक आहेत. तेच काम आयुष्यभर पुरेल एवढे आहे. इतर धर्मांच्या शेजाऱ्याशी संबंध शेजाराचा. त्याने विचारले तर प्रामाणिक उत्तर द्यावे, त्याने विचारले नाही तर त्याच्या दुखण्या-खुपण्याला जाणे थांबवू नये. शिस्त म्हणून एक नियम प्रत्येक गटाने पाळावा: मदतीचा कोणताही पैसा, धान्य किंवा शिफारस प्रार्थनेच्या बैठकीशी जोडायची नाही. हा नियम शेजाऱ्यांच्या विश्वासासाठी जितका गरजेचा, तितकाच गटाच्या स्वतःच्या शुद्धतेसाठी.

शेवटचा आक्षेप वेळेचा. विरारहून चर्चगेटला लोकलने जाऊन-येऊन रात्री साडेआठला घरी पोहोचणारा माणूस आठवड्याला दोन तास कुठून आणणार? तो आणणार नाही, आणि म्हणून बैठकांना बहुधा स्त्रिया आणि निवृत्त माणसेच दिसतात. यावर पुरुषांना दोष देऊन काही होत नाही. बैठक पंधरा दिवसांनी घ्या, तासाभराची घ्या, रविवारी मिस्सेनंतर घ्या. पायऱ्या कमी झाल्या तरी चालतील, कामाची पायरी मात्र ठेवा. आणि जिथे स्त्रियाच गट चालवतात, तिथे ते उणे मानू नये. सेऊलमध्ये आणि आफ्रिकेतल्या कितीतरी जुमुइयांत हे काम स्त्रियांनीच उभे केले. त्यांना जबाबदारीसोबत निर्णयाचा अधिकारही मिळाला पाहिजे. नाहीतर समूहाचे श्रम त्यांचे आणि परिषदेतल्या खुर्च्या दुसऱ्यांच्या, असा जुना हिशेब नव्या नावाने चालू राहतो.

एवढे सगळे मान्य केल्यावर खरा अडसर उरतो तो धर्मगुरू आणि लोक यांच्यातल्या एका मूक करारात. फादरांनी सगळे करावे आणि लोकांनी हजर राहावे, ही दोघांनाही सोयीची वाटणी आहे. फादरांचा मान राहतो, लोकांची जबाबदारी टळते. लहान गट हा करार मोडतो, म्हणून त्याला विरोध दोन्हीकडून होतो, आणि तो विरोध क्वचितच उघड असतो. गट चालू द्यायचा, पण प्रत्येक निर्णयासाठी त्याला चर्चच्या ऑफिसात यायला लावायचे, किंवा फादर आल्याशिवाय बैठकच भरवायची नाही, अशा सभ्य रूपांत तो दिसतो. ज्या धर्मगुरूला आपल्यावाचून चाललेली बैठक सहन होत नाही, त्याने गट सुरू करू नयेत, आणि ज्या लोकांना फादरांच्या आशीर्वादाशिवाय शेजाऱ्याचे दार वाजवता येत नाही, त्यांनी आपल्याला सुवार्तिक म्हणवून घेऊ नये.

म्हणून तीन वर्षांनी एखाद्या धर्मग्रामाने आपल्या गटांचा आढावा घ्यायचा ठरवला, तर बैठका किती झाल्या, हजेरी किती, रोझरीला किती दिवे लागले, या प्रश्नांनी काही हाती लागणार नाही. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. सुरुवातीला कुठल्याच यादीत नसलेली किती माणसे आज गटात बसतात? किती गटांचे दोन झाले? पहिल्या चालकांपैकी किती जणांनी आपली जागा दुसऱ्याला दिली? गटाने केलेल्या कोणत्या कामामुळे गल्लीतल्या बिगरख्रिस्ती शेजाऱ्याचे आयुष्य थोडे सोपे झाले? या प्रश्नांची उत्तरे शून्य आली तर गट बंद करून नव्याने सुरू करण्यात कमीपणा नाही. उत्तरे लहान आली तरी ती खरी वाढ आहे, आणि ती ज्यांच्यामुळे झाली ती माणसे पुढच्या रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलेली असली तरी धर्मग्राम चालतो तो त्यांच्या जोरावर.